दुसऱ्याच्या तोंडी आपली ओळख

भंडारा जिल्ह्यात नवखं माणूस भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "कोन्या गावचे जी?" लगेच दुसरा, "कोनाच्या घरचे?" गाव सांगितलं, आडनाव सांगितलं, मामाकडचं गाव सांगितलं की समोरच्याला कुठला ना कुठला धागा सापडतोच. "म्हणजे तुम्ही आमच्या सासुरवाडीचे!" मग चहा येतो, आणि काम घेऊन आला असाल तर तेही मार्गी लागतं. अशा ओळखीवर इथल्या माणसांनी लग्नं जमवली, बैलजोड्या घेतल्या, रोवणीच्या दिवसांत मजूर मिळवले. ही ओळख मला प्रिय आहे आणि तिची किंमत मी जाणते.

पण जिल्ह्याची हद्द ओलांडली की ती चालेनाशी होते. नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या कारखान्यातल्या भरती अधिकाऱ्याला लाखनी कोणती आणि लाखांदूर कोणतं हे माहीत नसतं, आणि तुमचे मामाजी कोण याच्याशी त्याला घेणंदेणं नसतं. त्याच्यासमोर तुम्हाला अर्धं मिनिट मिळतं. त्या अर्ध्या मिनिटात काय बोलायचं, हे घरी कोणी सांगत नाही आणि कॉलेजातही क्वचितच सांगितलं जातं. मी साकोलीची. आयटीआयच्या मुलामुलींना अर्ज लिहिणं, मुलाखत देणं, कामाच्या जागी वागणं-बोलणं शिकवते. या सगळ्यात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे अर्धं मिनिट.

"कोणतंही काम चालेल"

जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रातर्फे रोजगार मेळावे भरतात. मंडपात टेबलं मांडलेली असतात, मागे कंपन्यांचे फलक, पुढे रांगा. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची फाइल, तिच्यात गुणपत्रिका आणि दाखले. टेबलाशी पोहोचलेला मुलगा बहुतेक वेळा असं बोलतो: "माझं नाव अमुक अमुक. मुक्काम पोस्ट अमुक, तालुका तुमसर, जिल्हा भंडारा. माझं आयटीआय फिटर झालं आहे. मला बहात्तर टक्के आहेत. सर, मला कोणतंही काम चालेल."

यातलं शेवटचं वाक्य मुलगा नम्रतेनं म्हणतो. गरज खरी असते, काम करायची तयारीही खरी असते. पण ऐकणाऱ्याच्या बाजूनं पाहा. त्याच्यासमोर सकाळपासून रांग आहे आणि प्रत्येक जण कोणतंही काम करायला तयार आहे. या मुलाला कोणत्या विभागात पाठवावं, कोणाला फोन करून त्याच्याबद्दल सांगावं, हे ठरवण्याचं काम आता त्या अधिकाऱ्यावर पडलं, आणि त्याला तेवढी सवड नसते. फाइल घेतली जाते, मुलगा पुढे सरकतो. त्याच्यात काही कमी होतं म्हणून हे झालं नाही. त्याच्याबद्दल पुढे सांगावं असं काही त्यानं समोरच्याच्या हाती दिलं नाही, म्हणून झालं.

काम ओळखीच्या ओळखीतून येतं

इथं एक जुना अभ्यास सांगते. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा 'दुबळ्या नात्यांचं बळ' या विषयावरचा निबंध १९७३ साली प्रसिद्ध झाला. बोस्टनजवळच्या न्यूटन गावात ओळखीतून नवी नोकरी मिळालेल्या ५४ जणांना त्यांनी विचारलं होतं, की ज्याच्यामुळे नोकरी मिळाली तो माणूस त्या काळात तुम्हाला कितीदा भेटत असे? वरचेवर भेटणारा, असं सांगणारे फक्त १६.७ टक्के निघाले. अधूनमधून भेटणारा, असं ५५.६ टक्क्यांनी सांगितलं, आणि क्वचितच भेटणारा, असं २७.८ टक्क्यांनी. कारण साधं आहे. घरच्या माणसांना आणि जिवलग मित्रांना जे माहीत असतं, ते बहुधा आपल्यालाही माहीत असतं. नवी बातमी येते ती जरा लांबच्या माणसाकडून, कारण त्याचा वावर दुसऱ्या जगात असतो. पुढे २०२२ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांचा अभ्यास आला. नोकरी बदलताना फार घट्ट ओळखींपेक्षा बेताच्या सैल ओळखी अधिक उपयोगी पडतात, असं त्यातही दिसलं.

हे भंडारा जिल्ह्याला लावून पाहा. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाल्यावर उरलेला हा सात तालुक्यांचा जिल्हा, मुख्यतः धानाचा. आमच्या मुलांच्या घट्ट ओळखी सगळ्या शेतीतल्या. काकाजींची बांधी शेजारी, मामाजींची पलीकडे. मोठे कारखाने आहेत, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके: गडेगावचं अशोक लेलँड, वरठीचं सनफ्लॅग स्टील, जवाहरनगरची आयुध निर्माणी, तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथल्या मॉईलच्या मँगनीज खाणी. तिथं ज्यांच्या घरचं कोणी आहे, त्यांना आत काय चाललं आहे ते कळतं. बाकीच्यांना कळत नाही. म्हणून या बाकीच्यांसाठी सैल ओळख हाच खरा रस्ता आहे, आणि तो रस्ता अर्ध्या मिनिटाच्या बोलण्यातून सुरू होतो.

यातून मला एक गोष्ट पक्की समजली. तुमचं काम बहुतेकदा समोरच्या माणसाकडे नसतं, तो ज्याच्याशी उद्या बोलणार आहे त्याच्याकडे असतं. तेव्हा तुमची ओळख तुमच्या माघारी, दुसऱ्याच्या तोंडून, एका वाक्यात सांगता आली पाहिजे. आमच्या झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या, 'खडी गंमत' या लोकनाट्यात शाहीर शेवटच्या कडव्यात गुरूचं, गावाचं आणि स्वतःचं नाव गुंफतो. गाणं दहा गावं ओलांडून दुसऱ्याच्या गळ्यात गेलं तरी ते कोणाचं, हे ऐकणाऱ्याला कळतं. मुलांकडून मला हेच हवं आहे.

काय टिकतं, काय गळतं

वर्गात मी एक सराव घेते. पहिल्यानं दुसऱ्याला अर्ध्या मिनिटात स्वतःबद्दल सांगायचं. दुसऱ्यानं ते तिसऱ्याला सांगायचं, पहिल्याच्या माघारी. तिसऱ्यानं उभं राहून सगळ्या वर्गाला सांगायचं. शेवटी काय उरलं, ते आम्ही फळ्यावर लिहितो.

टक्के गळतात. "मेहनती आहे, प्रामाणिक आहे, शिकण्याची आवड आहे" हेही गळतं, कारण सगळे तेच म्हणतात. हातानं केलेलं एखादं काम, एखादी वस्तू, एखादा प्रसंग मात्र टिकतो. "तो नाही का, ज्यानं चुरणीच्या दिवसांत थ्रेशरचं बेअरिंग बदललं", "ती, जिनं गावच्या शाळेची जुनी वायरिंग काढून नवी टाकली". ही वाक्यं तिसऱ्या तोंडापर्यंत जशीच्या तशी पोहोचतात. आपल्याबद्दल कोणतं वाक्य मागे राहणार, हे त्या सरावात मुलांना स्वतःच्या कानांनी ऐकायला मिळतं. मला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मग आम्ही ओळख लिहायला बसतो. बेताच्या गतीनं बोललं तर अर्ध्या मिनिटात पन्नास-साठ शब्द मावतात. तेवढ्यात चार गोष्टी बसवायच्या. मी कुठला आणि काय काम करतो. ते येतं याचा एक पुरावा, केलेल्या कामाचा. तुमच्याकडेच का आलो. आणि आता तुमच्याकडून नेमकं काय हवं. तुमसरच्या त्या फिटर मुलाची ओळख अशी होऊ शकते:

"नमस्कार सर. मी तुमसर तालुक्यातला, फिटर. या वर्षी आयटीआय झालं. चुरणीच्या दिवसांत गावातले थ्रेशर बिघडले की मला बोलावतात. बेअरिंग बदलणं, शाफ्ट जुळवणं, पट्टा ताणून बसवणं मी करतो. तुमच्याकडे मेंटेनन्समध्ये अप्रेंटिस घेतात असं कळलं. त्यासाठी मी कोणाला भेटू?"

शेवटचा प्रश्न नीट पाहा. "नोकरी द्या" या मागणीला समोरच्याकडे बहुधा एकच उत्तर असतं, कारण नोकरी देणं त्याच्या एकट्याच्या हातात नसतं. "कोणाला भेटू?" याचं उत्तर मात्र तो लगेच देऊ शकतो. एखादं नाव, एखादा विभाग, एखादी तारीख. त्याला मदत करणं सोपं जातं आणि तुमच्या हाती पुढची पायरी येते.

लपवलेलं पुढे आणा

मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव कोशाच्या कापडासाठी ओळखलं जातं. कोशाच्या रेशमी अंगाला करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असलेला काठ जोडून विणलेली करवतकाठी साडी ही विदर्भाची खूण आहे आणि तिला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. अशाच विणकराच्या घरातली एक मुलगी माझ्याकडे मार्गदर्शनाला आली होती. तिची ओळख होती, "मी बी.कॉम. झाले, टॅली येतं, एमएस-सीआयटी झालं आहे." घरच्या मागाबद्दल एक अक्षर नाही. विचारलं तर म्हणाली, "मॅडम, ते काय सांगायचं? ते तर घरचं काम आहे."

तेच सांगायचं. टॅली येणाऱ्या मुली रांगेत अनेक असतात. कांड्या भरत मोठी झालेली, हातमागाचं कापड कोणतं आणि यंत्रमागाचं कोणतं हे बोट फिरवून ओळखणारी, आणि वर हिशेबही येणारी मुलगी त्या रांगेत एकटीच असते. साड्यांच्या मोठ्या दुकानदाराला, हातमागाच्या वस्तू ऑनलाइन विकणाऱ्याला असंच माणूस हवं असतं. आम्ही दोघींनी मिळून लिहिलं: "मी आंधळगावची. आमच्या घरी कोसा विणतात. कापड अस्सल आहे का, विणीत दोष कुठे आहे, हे मला पाहून कळतं. बी.कॉम. झालं, हिशेब आणि स्टॉक सांभाळता येतो. माल पारखून घ्यायला तुम्हाला कोणी लागत असेल तर मला एकदा कपाट उघडून दाखवा, मी सांगते."

भंडाऱ्यात पितळेची भांडी घडवणाऱ्या घरांतली मुलं, तलावावर मासेमारी करणाऱ्या ढिवर कुटुंबांतली मुलं अशीच घरचं काम लपवतात. घरात शिकलेल्या कामाला प्रमाणपत्र नसतं म्हणून ते काम खोटं होत नाही. माजी मालगुजारी तलावात कोणत्या महिन्यात कोणता मासा कुठे असतो हे जाणणारा मुलगा मत्स्यबीज केंद्रात किंवा पाणथळ जागांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत मोलाचा ठरू शकतो. फक्त ते त्यानं तोंडानं सांगायला हवं.

बायांची ओळख

बचत गटाच्या सभांना मी जाते तेव्हा एक गोष्ट फार जाणवते. बाई उभी राहते आणि सांगते, "मी अमक्यांची मिसेस." गट चालवणारी, बँकेत जाऊन कर्ज मंजूर करून आणणारी, धान भरडून थैल्या भरून विकणारी बाई आपल्या कामाचं नाव घेत नाही. गावात ते चालून जातं. नागपूरच्या ॲग्रोव्हिजनमध्ये किंवा मुंबईला वांद्र्यात भरणाऱ्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात ते चालत नाही. तिथं गिऱ्हाईक स्टॉलपुढे क्षणभर थांबतं.

आपल्याकडचा चिन्नोर घ्या. सुवासिक, उशिरा निघणारा, उतारा कमी देणारा हा तांदूळ. भंडाऱ्याच्या चिन्नोरला भौगोलिक मानांकन आहे. तो विकणाऱ्या ताईनं असं बोलावं: "मी साकोली तालुक्यातली. आमच्या गटाच्या दहा जणी चिन्नोर लावतो आणि गावच्याच गिरणीत भरडतो. प्रत्येक थैलीतला तांदूळ कोणाच्या बांधीतला, हे आम्ही सांगू शकतो. महिन्याला दोन क्विंटल नक्की देऊ. आज नमुन्याची थैली घेऊन जा. शिजवून आवडला तर नवं धान निघाल्यावर आम्हाला फोन करा." यात तिच्या यजमानांचं नाव कुठे नाही, आणि कोणाचा अपमानही नाही. दोन क्विंटल हा आकडा तर फार कामाचा आहे. किती देता येईल ते सांगणाऱ्या माणसावर व्यापारी विश्वास ठेवतो.

कोणत्या भाषेत?

हा प्रश्न मुलं हळू आवाजात विचारतात. आमच्या झाडीबोलीत 'ण' नाही, 'ळ' नाही. पुण्याला गेलेला मुलगा 'पानी' म्हणतो, खोलीतले मित्र हसतात, आणि मग तो बोलणंच कमी करतो. हे मी जवळून पाहिलं आहे आणि मला त्याचं वाईट वाटतं. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकानं याच मातीत राहून झाडीबोलीचा अभ्यास उभा केला आणि तिला साहित्यात मान मिळवून दिला. ज्या बोलीत आपण विचार करतो तिची लाज वाटायचं कारण नाही.

व्यवहाराचं म्हणाल तर माझा सल्ला असा. ओळख आधी घरच्या बोलीत मोठ्यानं सांगा, कारण खरं वाक्य तिथंच सापडतं. मग ती मराठीत, हिंदीत आणि साध्या इंग्रजीत बसवा. प्रत्येक भाषेत नव्यानं बसवा, शब्दाला शब्द ठेवू नका. इंग्रजी चार वाक्यांचीच असू द्या, पण ती तुम्हाला समजलेली असावीत. पाठ केलेलं लांबलचक इंग्रजी पहिल्याच उलटप्रश्नाला अडखळतं. आणि हळू बोला. उच्चारामुळे समजलं नाही असं क्वचितच घडतं. घाईमुळे मात्र हमखास घडतं.

खरं तेवढंच, आणि पुढचंही

२०२२ मध्ये महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटीची स्टार्टअप यात्रा राज्यातल्या तालुक्यातालुक्यांत फिरली. नंतर जिल्हास्तरावर तरुणांनी आपापल्या कल्पना थोडक्यात मांडल्या, आणि प्रत्येक जिल्ह्यातल्या पहिल्या तीन कल्पनांना २५, १५ आणि १० हजारांची बक्षिसं ठेवलेली होती. याच सोसायटीच्या स्टार्टअप सप्ताहात निवडल्या जाणाऱ्या उद्योगांना सरकारी विभागांकडून कार्यादेश मिळतात. म्हणजे थोडक्यात मांडता येणं ही आता गावातल्या मुलांच्याही उपयोगाची गोष्ट झाली आहे. पण थोडक्यात सांगायचं म्हणजे फुगवून सांगायचं, असा काहींचा समज होतो. तो घातक आहे. जग लहान आहे, विदर्भ तर फारच लहान. एका फोनवर सगळं पडताळून पाहता येतं. वेल्डिंग शिकत असाल तर शिकतो आहे असंच सांगा. "एवढं येतं, याच्या पुढचं शिकायचं आहे" हे वाक्य फिरतं तेव्हा तुमच्या नावासोबत विश्वासही फिरतो.

आणि बोलणं संपलं म्हणजे काम संपलं असं समजू नका. समोरच्यालाही एक प्रश्न विचारा: "तुमच्या विभागात सध्या कशाचं काम जास्त आहे?" त्याचं उत्तर मन लावून ऐका. नंबर मिळाला तर त्याच संध्याकाळी तीन ओळींचा निरोप पाठवा: कुठे भेटलो, मी कोण, काय विचारलं होतं. "हाय सर" एवढंच लिहून थांबू नका. त्याला तुमचं नाव कोणाला पुढे पाठवायचं असेल, तर तोच निरोप जसाच्या तसा पुढे जाईल. महिन्या-दोन महिन्यांनी काही झालं, झालं नाही, तरी कळवा. मदत करणाऱ्याला पुढे काय झालं हे ऐकायचं असतं.

एवढं करून नोकऱ्या वाढत नाहीत, हेही मी मुलांना स्पष्ट सांगते. जिल्ह्यात उद्योग कमी आहेत आणि अर्ध्या मिनिटाच्या बोलण्यानं कारखाना उभा राहत नाही. हातात काम नसेल तर तोंडातल्या वाक्याचा उपयोग नाही. पण ज्यांच्या हातात काम आहे अशी शेकडो मुलंमुली या जिल्ह्यात आहेत, आणि ती केवळ कोणाला माहीत नाहीत म्हणून मागे राहतात. हे मला सहन होत नाही, कारण यावर उपाय आहे आणि त्याला पैसा लागत नाही.

म्हणून शेवटची विनंती मुलांना नाही, मोठ्यांना आहे. तुम्ही शिक्षक असाल, बँकेत असाल, कारखान्यात फोरमन असाल, नागपूर-पुण्यात स्थिरावलेले भंडाऱ्याचे असाल, तर या मुलांची सैल ओळख म्हणजे तुम्हीच. मुलगा अडखळत बोलला तर त्याला दुसरा प्रश्न विचारा: "हातानं काय केलंस ते सांग." तो सांगेल. मग ते एक वाक्य लक्षात ठेवा, आणि ज्याला अशा माणसाची गरज आहे त्याला आठवणीनं, त्या मुलाचं नाव घेऊन सांगा.